चाळिशीच्या उंबरठ्यावर कवायत

आमच्या कौंडण्यपुराची कार्तिकी यात्रा ज्यांनीं पाहिली आहे त्यांना वर्धेच्या घाटावरील गर्दीचें वर्णन सांगावयास नको; ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांनीं एकदां अवश्य येऊन जावें. रुक्मिणीचें माहेर म्हणून या क्षेत्राचा लौकिक. येथून आषाढीकरितां पंढरपुरास जाणाऱ्या पालखीची परंपरा चारशें वर्षांहून अधिक जुनी आहे. २०२४ च्या कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मी अंबिकेच्या देवळाकडे निघालों होतों. विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरावर आलेलें. त्यामुळें पोलिसांचीं माणसें गांवोगांव वाटलीं गेलीं होतीं आणि यात्रेच्या बंदोबस्तास नेहमींपेक्षां थोडींच दिसत होतीं. पायऱ्यांपाशीं एका शिपायानें लोकांना बाजूस सारून मला वाट करून दिली आणि लगेच वांकून नमस्कार केला. कानशिलांवर केस पिकलेले, कपाळाला आंठ्या, आणि अंगावरचा गणवेश मात्र इतका नवा कीं इस्तरीची घडी अजून मोडली नव्हती.

“गुरुजी, वळखलं नाई काय? मी तुमचा मागच्या बाकावरचा.”

ओळखलें. देवळाच्या याच दारांतून रुक्मिणी श्रीकृष्णाच्या रथांत बसून गेली असें आम्ही गांवकरी सांगतों. तिच्याभोंवतीं शस्त्रधारी रक्षकांचा पहारा होता असें भागवतांत वर्णन आहे. तेव्हां बंदोबस्त फसल्याची ही आमच्या गांवची फार जुनी नोंद होय. मीं तसें बोलून दाखवितांच तो हंसला आणि म्हणाला, “म्हनूनच यंदा मले ठेवलं इथं.”

या माझ्या शिष्याचें नांव मी देत नाहीं. त्याला तें रुचणार नाहीं. वयाच्या अठराव्या वर्षीं तो सैन्यांत गेला, सतरा वर्षें नोकरी करून २०२१ सालीं परत आला, आणि अडतिसाव्या वर्षीं पोलीस शिपायाच्या शिक्षणाला बसला. ज्या वयांत आपल्याकडील गृहस्थ गुडघ्याला तेल चोळूं लागतो त्या वयांत त्यानें विशीच्या पोरांबरोबर पहांटे मैदानावर उभें राहून ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ यांपासून पुनश्च हरिःॐ केला. त्याची ही हकीकत मीं यात्रेनंतरच्या दोन दुपारीं त्याच्याच तोंडून ऐकली. ती वाचकांस सांगावी असें वाटण्याचें एक कारण मी आरंभींच कबूल करतों. २०२२ च्या दिवाळीनंतर तो माझ्याकडे सल्ला विचारावयास आला होता, आणि मीं त्याला सरळ ‘नको’ म्हणून सांगितलें होतें.

माझें तेव्हांचें म्हणणें अगदींच वेडेपणाचें नव्हतें. सैन्याचें निवृत्तिवेतन त्याला मिळत होतें. एका कंत्राटदारामार्फत शहरांतील पेढीच्या दारावर रखवालदाराचें कामही मिळालें होतें. बारा तास खुर्चींत बसावयाचें, येणाऱ्यासाठीं दार उघडावयाचें आणि महिनाअखेर पगार घ्यावयाचा. मुलगी सातवींत, आई घरीं, दोन एकर कोरडवाहू. मग या वयांत कोणाच्या तरी शिट्टीवर धांवण्याची हौस कशाला? दुसरें एक कारण मीं त्याला सांगितलें नाहीं, पण माझ्या मनांत होतें, आणि या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या घरींही तें असेल. आपल्याकडे पोलीस दारांत येणें हें अशुभ मानलें जातें. मुलगा जिल्हाधिकारी व्हावा, पोलीस अधीक्षक झाला तरी पेढे वाटावेत, पण शिपाई? शिपाई हा आपणांस यात्रेंत वाट करून देण्यापुरता आणि चोरी झाल्यावर रागावण्यापुरता आठवतो.

त्यावर त्यानें एवढेंच उत्तर दिलें, “गुरुजी, खुर्चीवर बसून बसून मानूस सुस्त होते. माही पोरगी मले इचारते, बाबा, तुमी दिवसभर करता काय?” यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. नव्हतें तरी मीं माझें मत बदललें नाहीं.

येथें नियमांचा थोडा उलगडा करणें जरूर आहे. महाराष्ट्रांत पोलीस शिपायाच्या भरतीस साधारण उमेदवारास वयाची वरची मर्यादा २८ वर्षें आणि मागास प्रवर्गांस ३३ वर्षें अशी आहे. माजी सैनिकास मात्र सैन्यांतील सेवेचा काळ आणि वर आणखी ३ वर्षें इतकी सवलत मिळते. म्हणून पस्तिशी ओलांडलेला माणूस या भरतींत दिसला तर तो बहुधा सैन्यांतून आलेला असतो. २०२२-२३ च्या त्या भरतींत राज्यांत १८ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले होते १८ लाखांच्या आसपास. म्हणजे जागेमागें शंभर. पुरुषांच्या मैदानी परीक्षेस ५० गुण. त्यांत १६०० मीटर धांवण्यास २०, १०० मीटर धांवण्यास १५ आणि गोळाफेकीस १५. त्यांतून जे निभावतील त्यांना १०० गुणांची लेखी परीक्षा : अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण.

व्याकरणासाठीं तो माझ्याकडेच आला. ‘नको’ म्हणणाऱ्या गुरुजीनेंच त्याला समास व प्रयोग शिकवावे, हा योग मोठा विलक्षण. पहांटे चारला तो नदीकांठच्या रस्त्यानें धांवावयास निघे आणि सातला घामेजलेल्या अंगानें माझ्या ओसरीवर येऊन बसे. शाळेंत असतांना कर्मणिप्रयोग म्हटला कीं खिडकीबाहेर पाहणारा हा मुलगा आतां ‘गुरुजी, हा भावे कसा?’ म्हणून वाद घालूं लागला. वीस वर्षांपूर्वीं जी जिज्ञासा मला छडीनें जागवितां आली नाहीं ती गरजेनें जागविली.

धांवण्याविषयीं त्यानें सांगितलेली एक गोष्ट मला अगदीं नवीन होती. दमाचें त्याला भय नव्हतें. सैन्यानें तो कमावून दिला होता. भय होतें तें नडगीचें आणि टांचेमागील शिरेचें. वयपरत्वें स्नायूंची ताकद फारशी लवकर घटत नाहीं, पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या ताठर होतात आणि एकदां दुखावल्या तर भरून यावयास वेळ घेतात. विशीचा मुलगा रात्रीं लंगडत निजतो आणि सकाळीं हरणासारखा उठतो; अडतिसाव्या वर्षीं तेंच दुखणें आठवडाभर मुक्काम करतें. हृदयाच्या ठोक्यांचा ढोबळ हिशेब वैद्य लोक सांगतात कीं, दोनशें वीसांतून वय वजा करावें. जें उरेल तें मिनिटास होणाऱ्या ठोक्यांची वरची हद्द. म्हणजे विशीच्या मुलापाशीं दोनशेंची पुंजी असते तेव्हां याच्यापाशीं एकशें ब्याऐंशींची. हा दररोजचा तोटा पदरांत घेऊनच त्याला त्या मुलांच्या रांगेंत उभें राहावयाचें होतें. तो निवडला गेला आणि २०२३ च्या अखेरीस शिक्षणाला हजर झाला.

नव्या शिपायाचें मूलभूत शिक्षण नऊ महिन्यांचें असतें. आपल्या वऱ्हाडांत अकोल्यास असें केंद्र आहे. नागपूर, जालना, धुळें, खंडाळा, सोलापूर वगैरे ठिकाणींही आहेत. अधिकाऱ्यांची प्रबोधिनी नाशकास. हा कोणत्या केंद्रांत होता तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दिवस पहांटे पांचाच्या आंत सुरू होई. दाढी, बिछान्याची घडी, हजेरी, व्यायाम, मग कवायत. न्याहारीनंतर कायद्याचे वर्ग. दुपारीं पुन्हा मैदान, शस्त्रें, लाठी, अडथळ्यांची शर्यत. रात्रीं पुन्हा हजेरी. कोणी चुकला तर ‘रगडा’, म्हणजे साऱ्या तुकडीस कोलांट्या नाहींतर मैदानाला फेऱ्या.

‘कवायत’ या शब्दावरून एक गंमत सांगण्याचा मोह आंवरत नाहीं. हा शब्द मूळ अरबी. ‘कायदा’ म्हणजे नियम, त्याचें अनेकवचन ‘कवाइद’. उर्दूंत याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘व्याकरण’ असा आहे! मीं जन्मभर मुलांकडून जी करून घेतली ती एक कवायत आणि तो मैदानावर टांचा आपटून करीत होता ती दुसरी. मीं हें त्याला सांगितलें तेव्हां तो म्हणाला कीं, दोहोंतही चुकलें तर शिक्षा होते, पण व्याकरणांत गुडघा दुखत नाहीं.

गुडघा त्याचा खरोखरच दुखावला. सैन्यांतील त्याचें काम बरींच वर्षें वाहनांवरचें होतें. टांच उंच उचलून कठीण जमिनीवर आपटण्याची संवय मोडली होती. तिसऱ्या महिन्यांत उजवा गुडघा सुजला. दवाखान्यांत नांव घातलें तर हजेरी बुडते आणि फार हजेरी बुडाली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कांहीं दिवस त्यानें तें लपविलें. हें शहाणपण नव्हतें, असें आतां तोच म्हणतो. लपविल्यानें दहा दिवसांचें दुखणें महिनाभराचें झालें, आणि शेवटीं सांगावें लागलेंच.

त्याहून कठीण होतें तें मनाचें. कवायत शिकविणारा उस्ताद त्याच्यापेक्षां बारा वर्षांनीं लहान. हा सैन्यांत गेला तेव्हां तो पहिल्या-दुसऱ्या इयत्तेंत असेल. त्यानें सर्वांदेखत ‘अहो फौजी, झोंप लागली काय?’ म्हणून विचारलें कीं रांगेंतलीं पोरें दांत दाबून हंसत. “पयले पंधरा दिस लई लागलं मनाले,” तो म्हणाला. “मंग वाटलं, हा त्याचं काम करून राहिला, मी माह्यं करतो.” इतकें साधें वाक्य, पण त्याच्यामागें पंधरा दिवस होते. आपल्यापैकीं किती जण मुलाच्या वयाच्या माणसाकडून पायांत पाय कसा टाकावा हें शिकतील? निवृत्तीनंतर मला भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवावयास नातू शिकवूं लागला तेव्हां मी दुसऱ्याच दिवशीं रागावून उठलों होतों.

वयाचा उपयोगही झाला, पण तो मैदानावर नव्हे. बराकींत मेळघाटाकडील एक वीस वर्षांचा मुलगा होता. घर सोडून कधीं न राहिलेला, बोलावयास लाजणारा. तिसऱ्या आठवड्यांत त्यानें रात्रीं गुपचूप पेटी भरली. याला जाग आली. यानें त्याला उपदेश केला नाहीं कीं वर कळविलेंही नाहीं. एवढेंच म्हणाला कीं, रविवारपर्यंत थांब, रविवारीं मीच तुला मोटारींत बसवून देईन. रविवारीं मुलानें कपडे धुतले आणि जाण्याचा विषय काढला नाहीं. पुढें बराकींतलीं सारींच मुलें याला ‘काका’ म्हणूं लागलीं. घरचें पत्र, लग्नाची बोलणीं, बहिणीचें दुखणें, सर्व कांहीं काकापाशीं येई. मोबदल्यांत तीं पोरें त्याला संगणक शिकवीत.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणांत चांगल्या सैन्याचीं लक्षणें दिलीं आहेत. सैनिक दुःख सोसणारे असावेत, अनेक युद्धें पाहिलेले असावेत, असें सांगतांनाच त्यांचीं बायकामुलें संतुष्ट असावींत असेंही एक लक्षण त्यानें घातलें आहे. राज्यशास्त्राच्या ग्रंथांत शिपायाच्या बायकामुलांची आठवण ठेवणारा तो माणूस मोठा व्यवहारज्ञ खरा. माझ्या शिष्याच्या घरीं संतोष होता असें मात्र मला म्हणवत नाहीं. नऊ महिने त्याची बायको सासूचें औषधपाणी आणि शेतीचा पेरा एकटीनें सांभाळीत होती. मुलीनें आठवीची परीक्षा बापाच्या गैरहजेरींतच दिली. सैन्यांत सतरा वर्षें बाहेर राहिलेला माणूस घरीं आला आणि पुन्हा गेला, हें त्या माउलीनें कसें सोसलें तें तिनें कोणाला सांगितलें नाहीं.

आतां कायद्याच्या वर्गाविषयीं. यांची तुकडी विलक्षण काळांत सांपडली. आरंभीं यांनीं १८६० चा भारतीय दंडविधान घोकला. खून म्हणजे ३०२, फसवणूक म्हणजे ४२०, हे आंकडे तर मराठी बोलींतच मुरलेले. ‘चारशेंवीस’ ही शिवी आहे हें शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि अभ्यास निम्म्यावर आला असतां १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम. ५११ कलमांच्या ठिकाणीं ३५८. खुनाची शिक्षा १०३ मध्यें गेली, फसवणूक ३१८ मध्यें, चोरी ३७९ वरून ३०३ वर. प्रथम खबर १५४ खालीं लिहीत ती आतां १७३ खालीं. आणि घोटाळा असा कीं, जुनेंही विसरून चालत नाहीं. १ जुलैपूर्वीं घडलेल्या गुन्ह्यास जुनाच दंडविधान लागू; म्हणजे तीं प्रकरणें न्यायालयांतून निघेपर्यंत दोन्ही पंचांगें जवळ बाळगावयाचीं.

येथें वयाची पारडी जरा फिरली. तरुण मुलांनीं आंकडे तोंडपाठ केले होते. आंकडे बदलतांच तीं गोंधळलीं. याला आंकडे मुळींच पाठ होत नव्हते, म्हणून यानें प्रत्येक कलमामागें गोष्ट लावून ठेवली होती. अमक्याच्या खळ्यावरचा कापूस गेला तो प्रकार, तमक्याच्या बांधावरून डोकें फुटलें तो प्रकार. आंकडा बदलला तरी गोष्ट जागेवरच राहिली. रात्रीं बराकींत काकांचा वर्ग भरूं लागला. वृद्धांची स्मृति मंद होते असें म्हणतात, पण तिला टांगण्यासाठीं खुंट्या पुष्कळ असतात हें विसरतात.

या नव्या कायद्यांतील एकदोन तरतुदी आमच्या वयाच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि आरोपी साठीच्या पुढचा किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याला अटक करतां येत नाहीं. साक्षीदार म्हणून जबाब घ्यावयाचा असेल तर साठीपुढील माणसाला पोलीस आपल्या ठाण्यावर येण्याची सक्ती करूं शकत नाहींत. त्यांनीं त्याच्या घरीं यावें. जुन्या कायद्यांत ही मर्यादा पांसष्टाची होती. मीं त्याला म्हटलें, “म्हणजे मीं एखादा किरकोळ अपराध केला तर तूं मला तडकाफडकी धरूं शकत नाहींस.” त्यावर तो गंभीरपणें म्हणाला, “नाई गुरुजी, पन साहेबाले इचारून येईन.” झडतीचें व जप्तीचें चित्रमुद्रण करणें आतां बंधनकारक आहे, आणि सात वर्षें वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानें जागेवर येण्याची तरतूद आहे. त्यामुळें हातांत लाठीबरोबर भ्रमणध्वनीही चालला पाहिजे. त्यांत काका सर्वांत मागें होते आणि त्याबद्दल त्यांनीं पोरांचीं पुष्कळ बोलणीं खाल्लीं.

त्याला सर्वांत जड काय गेलें, असें मीं विचारलें. मला वाटलें, गुडघा म्हणेल. तो म्हणाला, “बंदूक.” मी चकित झालों. सैन्यांतील माणसाला बंदूक जड? त्याचा भावार्थ असा कीं, सैनिकाला समोर शत्रु असतो आणि मागें हुकूम असतो. पोलिसाच्या समोर शत्रु नसतोच. असतो तो आपल्याच तालुक्यांतला चिडलेला माणूस. जमाव पांगवितांना आधीं इशारा, मग कमींत कमी बळ, आणि गोळी अगदीं शेवटीं, तीही हुकुमानें. सतरा वर्षें ज्या हातानें चटकन निर्णय घेण्याची संवय लावून घेतली त्याच हाताला थांबावयास शिकवावें लागलें. रात्रीं एखाद्या चौकांत हुकूम देणारा जवळ नसतो. तेव्हां एकट्या शिपायानेंच ठरवावयाचें असतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचें उत्तरही त्यानेंच द्यावयाचें असतें. शिकणें त्याला कठीण गेलें नाहीं. शिकलेलें उतरवून ठेवणें कठीण गेलें.

पोलिसाला शिकवावें लागतें हा विचारही आपल्याकडे तसा फार जुना नाहीं. १८६१ चा पोलीस कायदा झाल्यावरही शिपायाच्या पद्धतशीर शिक्षणाकडे दुर्लक्षच होतें. १९०२-०३ सालीं सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं पोलीस आयोग बसला. हे फ्रेझर आपल्या मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. त्या आयोगानें शिक्षणशाळा काढण्याची शिफारस केली. तदनुसार १९०६ सालीं मुंबई इलाख्याची शाळा पुण्याजवळ भांबुर्ड्यास निघाली आणि १९०९ सालीं नाशकास गेली. मध्यप्रांताची शाळा सागर येथें निघाली. वऱ्हाड १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेला असल्यामुळें आपला ओढा सागराकडे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत वऱ्हाड मुंबई राज्यांत आला तेव्हां तो नाशकाकडे वळला. नदी तीच, पण पाणी निराळ्या पाटानें जाऊं लागलें.

लंडनमध्यें सर रॉबर्ट पील यांनीं १८२९ सालीं नवें पोलीस दल उभारलें तेव्हां उमेदवार पस्तिशीच्या आंतला असावा अशी अट होती. आज इंग्लंडांत भरतीस तशी वरची मर्यादा राहिलेली नाहीं. पन्नाशीच्या घरांतला माणूसही शरीरपरीक्षा उतरला तर शिपाई होऊं शकतो. आणि फार दूर कशाला जावें? आपल्याच खेड्यांतील पोलीस पाटलाची नेमणूक करतांना वय २५ च्या खालीं नसावें आणि ४५ च्या वर नसावें असा नियम आहे. गांवचीं भांडणें मिटविणारा माणूस थोडा पिकलेला असावा हें ज्यांनीं ओळखलें त्यांनीं शिपाई मात्र कोंवळाच असावा असें ठरविलें. याला कारणें आहेत. दंगलींत म्हाताऱ्यांची फळी उभी करून चालणार नाहीं, हें मलाही समजतें. तरी ठाण्याच्या दारांत पहिला जो भेटतो तो शिपाईच ना?

सैन्यांतील नोकरी पुरी करून पोलिसांत आलेल्यांपैकीं एक नांव साऱ्या देशाला ठाऊक आहे, पण तें या वाटेनें आलें होतें हें थोड्यांना ठाऊक असेल. तुकाराम ओंबळे हे सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे. लष्कराच्या सिग्नल दलांतून नाईक म्हणून निवृत्त झाल्यावर १९९१ सालीं ते मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून दाखल झाले. म्हणजे त्यांनींही कधींकाळीं आपल्याहून लहान मुलांच्या रांगेंत उभें राहून दुसऱ्यांदां कवायत केली असली पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीवर पोलिसांनीं अडथळे लावून अतिरेक्यांची मोटार अडविली तेव्हां ते सहायक फौजदार होते. हातांत लाठी. समोर स्वयंचलित बंदूक. त्यांनीं त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनीं धरली आणि गोळ्या अंगांत शिरत असतांही सोडली नाहीं. तेवढ्या अवकाशांत सहकाऱ्यांनीं कसाबास जिवंत पकडलें. पुढें जो खटला चालला, जे पुरावे जगापुढें आले, २०१२ च्या नोव्हेंबरांत येरवड्यास जी शिक्षा अमलांत आली, तें सारें त्या पकडलेल्या नळीवर आधारलेलें आहे. २६ जानेवारी २००९ रोजीं त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. २०२१ सालीं ठाणें-कल्याण भागांत सांपडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीस प्राणिशास्त्रज्ञांनीं ‘तुकारामी’ असें नांव दिलें. भिंतीवरच्या लहानशा कोळ्याला दिलेलें हें नांव मला अनेक पुतळ्यांपेक्षां अधिक आवडलें.

माझ्या शिष्याच्या बराकींत त्यांचें चित्र लावलेलें होतें. त्याविषयीं तो जास्त बोलला नाहीं. फक्त म्हणाला, “तेबी फौजी होते.”

२०२४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याचें दीक्षांत संचलन झालें. त्यानें आईला, बायकोला व मुलीला बोलाविलें आणि मलाही चिठ्ठी पाठविली. तिच्या शेवटीं एक प्रश्न होता : ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हें आमचें ब्रीद, यांतील विभक्ति कोणती? संस्कृत शिकतांना चतुर्थीवर या मुलाचें कधींच प्रेम नव्हतें. मी उत्तर देण्याऐवजीं एस. टी. नें गेलों. मंडपांत आम्ही चौघें बसलों. शेंकडों टोप्या सारख्या, चेहरे उन्हानें सारखे करपलेले. म्हाताऱ्या आईला आपला मुलगा ओळखूं येईना. ती ज्याच्या त्याच्याकडे बोट दाखवी. मुलीनें मात्र तुकडी वळतांना क्षणांत ओळखला. “तो बघ आजी, ज्याचा उजवा पाय थोडा मागून पडते तो.” मी नीट पाहिलें. खरेंच, अगदीं एका अक्षराइतका उशीर होता. निरीक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांना तो दिसला कीं नाहीं कोण जाणे.

संचलन संपल्यावर तो आला, आईच्या पायां पडला, मग माझ्या. मी म्हणालों, “चतुर्थी. रक्षणासाठीं आणि निग्रहासाठीं. पण ब्रीदांत रक्षण आधीं आहे.” आणखी कांहीं म्हणावयाचें होतें, म्हणजे दोन वर्षांपूर्वींच्या त्या ‘नको’ बद्दल, पण तितक्यांत तीं बराकींतलीं पोरें ‘काका, काका’ करीत येऊन त्याला छायाचित्रासाठीं ओढून घेऊन गेलीं, आणि तें तसेंच राहिलें.

आतां त्याच्यापुढें अठ्ठावन्न वर्षांपर्यंतची नोकरी आहे. म्हणजे सुमारें एकोणीस वर्षें. शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१००. बढत्या मिळण्यास काळ जावा लागतो, आणि काळ तर त्याच्याजवळ इतरांहून कमी. जीं पोरें त्याला काका म्हणतात त्यांतलीं कित्येक उद्यां त्याचे वरिष्ठ होतील. हें त्याला ठाऊक आहे. गुडघ्याला पट्टा बांधून तो बारा-बारा तास उभा राहतो. रखवालदाराच्या खुर्चींत हा त्रास नव्हता, हेंही तो लपवीत नाहीं.

त्या दिवशीं अंबिकेच्या पायऱ्यांवर मीं त्याला तें राहिलेलें सांगावयाचें ठरविलें होतें. “अरे, मीं तुला तेव्हां जो सल्ला दिला—” एवढें म्हणालों तोंच खालून एक पोरसवदा शिपाई धांवत आला. घाटावर एक म्हातारी आपल्या दिंडींतून चुकली होती. गांवाचें नांव सांगतां येईना, नुसती रडत होती. “काका, तुमीच या, माह्याशी बोलत नाई ते.” तो मला हात जोडून पायऱ्या उतरूं लागला. उजवा पाय जरा जपून टाकीत होता. मी देवीच्या दर्शनास वर गेलों.